टोमॅटोच्या खुणेचा पक्ष

कोकणात वेंगुर्ल्याला गेलात तर वलंदेजांच्या जुन्या वखारीचे अवशेष पाहायला मिळतात. सतराव्या शतकात व्यापारापायी ही माणसे आपल्या किनाऱ्यावर येऊन राहिली होती. वलंदेज म्हणजेच डच. त्यांच्या देशाला आपण हॉलंड म्हणतो; अधिकृत नाव नेदरलँड्स. आज मी तुम्हाला त्यांच्या वखारीची नव्हे, तर त्यांच्या मतपेटीची गोष्ट सांगणार आहे. आणि तीही एकाच पक्षाची.

या पक्षाचे नाव समाजवादी पक्ष. डच भाषेतली आद्याक्षरे घेऊन तिथे त्याला ‘एस्. पी.’ म्हणतात. आपल्याकडल्या तशाच नावाच्या पक्षांशी त्याचा काही संबंध नाही. १९९४ साली या पक्षाचे दोन सभासद प्रथमच डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात गेले. बारा वर्षांनी, २००६ साली, दोनाचे पंचवीस झाले. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात झालेल्या निवडणुकीत उरले तीन. आता तुम्ही म्हणाल, पक्ष वाढतात आणि पक्ष ओसरतात, त्यात नवल ते काय? नवल आकड्यांत नाही. या पक्षाने आपल्या निवडून आलेल्या माणसांना जे नियम घालून दिले त्यांत आहे. निवडून दिलेला माणूस नेमका कुणाचा? मतदारांचा, पक्षाचा, की त्याचा स्वतःचा? ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत आपल्यालाही छळणारा हा प्रश्न त्या पक्षाने आपल्या परीने सोडवू पाहिला आणि त्यात त्याचे हातही पोळले.

प्रथम तिथली निवडणूक कशी होते ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचे कोडे उलगडणार नाही. देश लहान आहे. आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम सातवा हिस्सा, वस्ती एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. कनिष्ठ सभागृहात दीडशे सभासद. गंमत अशी की, डच लोक या कनिष्ठ सभागृहाला ‘दुसरे सभागृह’ म्हणतात आणि वरिष्ठाला ‘पहिले’. घोटाळा नको म्हणून आपण कनिष्ठ-वरिष्ठच म्हणू. आपल्यासारखे एकेका खासदाराचे मतदारसंघ तिथे नाहीत. जागा वाटण्यापुरता सारा देश हाच एक मतदारसंघ. १९१७ साली घटना बदलून त्यांनी ही प्रमाणशीर पद्धत आणली. देशभरात जेवढी मते पडतील त्यांना दीडशेने भागायचे. जो आकडा येईल तेवढ्या मतांना एक जागा. तेवढीही मते ज्याला नाहीत त्याला जागा नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनी हे वर्गात करून पाहावे. साठ मुले, दहा-दहांच्या सहा रांगा आणि निवडायचे सहा प्रतिनिधी. प्रत्येक रांगेत आंबा पक्षाला पाच, पेरू पक्षाला तीन आणि चिंच पक्षाला दोन मते पडली असे धरा. आपल्या पद्धतीने रांगवार प्रतिनिधी निवडला तर साऱ्या सहा जागा आंब्याच्या. हॉलंडच्या पद्धतीने दहा मतांना एक जागा. आंब्याची तीस मते म्हणजे तीन जागा. पेरूची अठरा, म्हणजे एक पुरी जागा. चिंचेची बारा, म्हणजे तिलाही एक. राहिलेली सहावी जागा उरलेल्या जागा वाटण्याच्या हिशोबाने पेरूकडे जाते. म्हणजे एकही रांग न जिंकता चिंच प्रतिनिधी-मंडळात जाऊन बसली! चिंच किती आंबट ते मग मोठ्या पक्षांना कळते.

मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांची यादी छापलेली असते. पक्ष पुष्कळ आणि याद्या लांब, त्यामुळे ती कागदाची घडी उलगडली की वर्तमानपत्राच्या पानाएवढी होते. मतदार तांबड्या पेन्सिलीने एका नावापुढचे वर्तुळ रंगवतो. बहुतेक लोक यादीतल्या पहिल्या नावालाच मत देतात. पण खालच्या एखाद्या उमेदवाराला स्वतःच्या नावावर पुरेशी मते पडली, तर तो वरच्यांना ओलांडून निवडून येऊ शकतो. ही बाब ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता पक्षाकडे वळू. त्याचा जन्म १९७१ सालचा, आणि जन्माच्या वेळी तो माओवादी होता. चीनकडे डोळे लावून बसलेल्या काही तरुणांनी आणि कामगारांनी एका जुन्या गटातून फुटून तो काढला. पुढल्याच वर्षी त्याने समाजवादी हे नाव घेतले. माओची पोथी त्यांनी हळूहळू बाजूला ठेवली आणि १९९१ साली मार्क्स-लेनिनचा अधिकृत शिक्काही पुसून टाकला. माझ्या मते त्या पोथीतला एकच धडा त्यांच्या अंगी मुरला: लोकांत जा, त्यांचे ऐका, त्यांचे काम करा.

उत्तर ब्राबांट प्रांतात ऑस नावाचे एक गाव आहे. मांसाचे सॉसेज करणारे कारखाने, गालिचे विणणारे कारखाने, औषधांचे कारखाने, असे ते कामगारांचे गाव. तिथे या पक्षाने भाषणे देण्याऐवजी दारोदार जाऊन माणसे जोडली. भाडेकरूंची आणि घर शोधणाऱ्यांची संघटना काढली. कारखान्यांच्या धुराची, सांडपाण्याची तपासणी सुरू केली. स्वतःचे वैद्यकीय केंद्रही उघडले. पक्षाचेच डॉक्टर तिथे रोग्यांना तपासत. १९७४ साली ऑसच्या नगरपरिषदेत पक्षाच्या पहिल्या जागा आल्या. पाठोपाठ त्याच परिषदेत यान मारैनिसेन नावाचा विशी ओलांडलेला एक तरुण आला. शाळा अर्धवट सोडलेला, सॉसेजच्या कारखान्यात राबलेला आणि नंतर वेल्डिंगचे काम करणारा. पुढे १९८८ मध्ये तो पक्षाचा प्रमुख झाला.

नगरपरिषदेत जागा मिळत होत्या, पण संसद मात्र दूरच राहिली. १९७७ पासून १९८९ पर्यंत पाच वेळा पक्ष उभा राहिला आणि पाचही वेळा हात हलवीत परतला. १९८९ ला मते पडली सुमारे एकोणचाळीस हजार. एका जागेला लागत होती एकोणसाठ हजार. आणि सगळेच काही गोमटे नव्हते. १९८३ साली पक्षाने परदेशी मजुरांविषयी एक पुस्तिका काढली. तुर्कस्तानातून नि मोरोक्कोतून आलेल्या मजुरांनी एक तर डच नागरिक व्हावे, नाही तर पैसे घेऊन मायदेशी परतावे, असे तिचे सांगणे. त्या पुस्तिकेने पक्षाला अनेक वर्षे टीका सोसावी लागली, आणि ती टीका गैरवाजवी होती असे मला वाटत नाही.

मग १९९४ साली काय झालं? मोठा मजूर पक्ष त्याआधी सरकारात बसून आजारी आणि अपंग कामगारांच्या भत्त्यांना कात्री लावीत होता. त्याचे जुने मतदार नाराज झाले होते. त्या नाराजीला एस्. पी.ने एक खूण दिली: टोमॅटो. नाटक रटाळ झाले की प्रेक्षक रंगमंचावर टोमॅटो फेकतात, ती रीत आठवा. घोषणाही तशीच खणखणीत: विरोधात मत द्या, एस्. पी.ला मत द्या. देशभरातून सुमारे एक लाख एकोणीस हजार मते गोळा झाली आणि दोन जागा मिळाल्या. आपल्या पद्धतीने मोजली असती तर इतकी विखुरलेली मते पाण्यात गेली असती.

ते दोघे म्हणजे मारैनिसेन आणि रेमी पॉपे. पॉपे हा पक्षाच्या पर्यावरण-पथकाचा माणूस. कुणी जमिनीत रासायनिक घाण गाडली, कुणी नदीत विष सोडले, हे हुडकीत फिरण्यात त्याची वर्षे गेली होती. दीडशेंच्या सभागृहात दोनच माणसे! ठराव मंजूर करून घेणे तर दूरच. पण मंत्र्यांना प्रश्न विचारता येतात, कागद मागता येतात, आणि गावोगावच्या शाखांतून आलेली तक्रार सभागृहात मांडता येते. १९९८ ला दोनांचे पाच झाले. हेरलेनच्या खाणपट्ट्यातले वकील यान दे वित, रोगांच्या साथींचा अभ्यास केलेल्या आग्नेस कांट आणि हारी फान बॉमेल ही तीन नवी माणसे आली. २००२ मध्ये नऊ. त्या वर्षी घोषणा बदलली: विरोधात नव्हे, बाजूने मत द्या. नुसता टोमॅटो फेकून राज्य चालत नाही हे पक्षालाही कळले असावे.

आता मी ज्याला नवलाचा नियम म्हणालो तो सांगतो. या पक्षाचा जो कुणी निवडून येतो, मग तो खासदार असो की नगरसेवक, त्याचा सरकारी पगार वा मानधन पक्षाच्या तिजोरीत जाते. खासदाराला पक्ष त्यातून साध्या नोकरदाराच्या बेताचा पगार देतो. नगरसेवकाला मानधनातला काही भाग परत मिळतो. उमेदवारी मिळण्याआधीच हे मान्य करावे लागते. यामागचा विचार सरळ आहे. ज्यांच्या नावाने निवडून यायचे त्यांच्याहून फार वेगळे राहणीमान झाले, तर त्यांचे दुखणे हळूहळू कळेनासे होते. दुसरा फायदा रोखीचा. कारखानदारांच्या देणग्यांवाचून पक्षाचा खर्च भागतो. शाखा, पत्रके, प्रचार सारे चालते.

टीकाकार म्हणतात, असे केल्याने प्रतिनिधी पक्षाचा पगारी नोकर होतो. ज्याच्या हातात माझा पगार, त्याच्याविरुद्ध मी तोंड कसे उघडावे? कुटुंब चालवणाऱ्या हुशार माणसाने या वाटेला का यावे? या हरकती पोकळ नाहीत. २००७ साली तर हा प्रश्न ऐरणीवरच आला.

पण त्याआधीची चढती कमान. २००५ च्या १ जूनला युरोपच्या सामाईक राज्यघटनेवर हॉलंडमध्ये सार्वमत झाले. संसदेतले बहुतेक मोठे पक्ष ‘हो’ म्हणा सांगत होते. डाव्या बाजूने ‘नाही’चा झेंडा धरला तो एस्. पी.ने, आणि मतदारांपैकी शेकडा साडेएकसष्ट जणांनी ‘नाही’ म्हटले. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात संसदेची निवडणूक झाली. पक्षाला सोळा लाखांहून अधिक मते आणि पंचवीस जागा मिळाल्या. देशातला तिसरा मोठा पक्ष! सभासदसंख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. सरकारात बसायची बोलणी सुरू झाली, पण ख्रिस्ती लोकशाही पक्षाशी त्याचे जुळले नाही आणि मजूर पक्ष दुसऱ्यालाच जोडीला घेऊन सत्तेवर गेला. तेव्हापासून आजतागायत एस्. पी. देशाच्या मंत्रिमंडळात कधी बसला नाही. शहरांच्या आणि प्रांतांच्या कारभारात मात्र बसला. ॲमस्टरडॅमच्या कारभारी मंडळातही २०१४ ते २०१८ होता.

२००७ साली वरिष्ठ सभागृहाची निवडणूक आली. आपल्या राज्यसभेचे सभासद आमदार निवडतात, तसेच तिथे प्रांतिक परिषदांचे सभासद हे सभागृह निवडतात. एस्. पी.ला बारा जागा आल्या. त्यांपैकी एका जागेवर दुझगुन यिल्दिरिम नावाचे गृहस्थ निवडून आले. पक्षाने त्यांना यादीत खाली ठेवले होते. पण मघाशी सांगितलेल्या नियमाने, स्वतःच्या नावावर पुरेशी मते मिळवून ते वर सरकले. पक्ष म्हणाला, यादीचा क्रम आम्ही ठरवला आहे, जागा सोडा. ते म्हणाले, मला रीतसर मते पडली आहेत, मी सोडणार नाही. पक्षाने त्यांना काढून टाकले. पण सभागृहातून कोण काढणार? डच घटनेत स्पष्ट आहे की सभासद कुणाच्या आज्ञेला बांधलेला नाही. जागा त्याची. यिल्दिरिम २०११ पर्यंत स्वतंत्र सभासद म्हणून बसले आणि पक्षाचे बारांचे अकरा झाले. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने नेमकी उलटी वाट धरली. पक्षाचा आदेश मोडून मत दिले किंवा पक्ष सोडला, तर जागा जाऊ शकते. दोहोंतले बरे कोणते यावर वडाच्या पारावर रात्र सरेल, वाद सरणार नाही.

पुढची उतरण भराभर सांगतो. २००८ मध्ये मारैनिसेन संसदेतल्या नेतेपदावरून दूर झाले. आग्नेस कांट आल्या. २०१० च्या नगर-निवडणुकांत पिछेहाट होताच त्यांनी पद सोडले. मग आले एमिल रूमर. हे मुळात प्राथमिक शाळेतले शिक्षक, तेव्हा शिक्षक श्रोत्यांनी जरा कान टवकारावेत! हसतमुख, समजावून सांगणारा माणूस. २०१० ला पंधरा जागा राखल्या. २०१२ च्या उन्हाळ्यात मतचाचण्या सांगू लागल्या की हेच गृहस्थ देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते होणार. मग दूरदर्शनवरच्या वादसभा झाल्या, त्यांत ते फिके पडले, मजूर पक्षाने उसळी घेतली, आणि मतपेटीतून निघाल्या पुन्हा पंधराच जागा. रूमर पुढे हेरलेनचे नगराध्यक्ष आणि २०२१ च्या अखेरीस लिंबर्ग प्रांतात राजाचे आयुक्त झाले. माओवाद्यांच्या घरात जन्मलेल्या पक्षाचा माणूस राजाचा आयुक्त!

२०१७ ला चौदा जागा. त्या वर्षाच्या अखेरीस नेतेपद यान मारैनिसेन यांची कन्या लिलियन यांच्याकडे आले. २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत पक्षाने मजूर पक्षाच्या पुढाऱ्याची टर उडवणारी एक चित्रफीत काढली. लोकांना ती रुचली नाही. युरोपातल्या दोन्ही जागा गेल्या. त्यानंतर स्वतःच्याच तरुण संघटनेशी भांडण होऊन तिला बाहेर काढले.

आणि तरीही या पक्षाच्या एका सभासदाचे सर्वांत मोठे काम याच उतरणीच्या काळातले आहे. तिथे लहान मुलांच्या पाळणाघरासाठी सरकार पालकांना भत्ता देते. करखात्याने हजारो पालकांवर लबाडीचा ठपका ठेवला. अर्जावर एखादी सही राहिली, एखादा कागद कमी पडला, की वर्षाचा सारा भत्ता परत भरा! काहींवर लाखो रुपयांएवढे देणे आले. घरे गेली, संसार मोडले. ज्यांच्याजवळ दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व होते त्यांना खात्याने अधिक संशयाने चाळले, हे पुढे उघड झाले. या पालकांच्या बाजूने संसदेत दोन माणसे वर्षानुवर्षे चिवटपणे प्रश्न विचारीत राहिली: एस्. पी.च्या रेन्स्के लायतन आणि ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे पीटर ऑम्टसिख्त. एक डावीकडची, एक सत्ताधारी पक्षातला. मंत्र्यांकडून अर्धवट उत्तरे येत. पालकांना त्यांच्या स्वतःच्या फायली मिळाल्या त्यातल्या ओळीच्या ओळी काळ्या शाईने झाकलेल्या. २०२० च्या डिसेंबरात संसदीय चौकशी समितीने अहवाल दिला. त्यात खाते, मंत्री, न्यायालये, आणि असा निर्दय कायदा करणारी खुद्द संसद, साऱ्यांना दोष दिला. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

दोनच महिन्यांनी निवडणूक झाली. राजीनामा देणाऱ्या रुटे यांचा पक्ष पुन्हा पहिला आला, आणि एस्. पी.च्या चौदांच्या नऊ जागा झाल्या. मतदार मागे घडलेल्याचा हिशोब चुकता करायला येतो, असे समजणाऱ्यांनी हा निकाल जरूर अभ्यासावा. महासाथीचे दिवस होते, लोकांना ओळखीचा हात हवा होता. आणि सरकारवर चिडलेले मतदार मिळवायला आता उजवीकडेही दोन-तीन पक्ष उभे होते. २०२३ मध्ये एस्. पी.ला पाच जागा उरल्या, लायतन निवृत्त झाल्या, आणि लिलियन मारैनिसेन यांच्या जागी ग्रोनिंगनचे माजी नगरसेवक जिमी डाइक आले. २०२५ ला तीन.

तीन माणसांनी दीडशेंच्या सभागृहात कसे पुरे पडायचे? घरे, आरोग्य, शिक्षण, शेती, संरक्षण, प्रत्येक विषयाची समिती वेगळी, आणि काही बैठका एकाच वेळी. त्यामुळे कुठे जायचे नि कुठला विषय सोडायचा हे रोज ठरवावे लागते. तरी १९९४ साली ते दोनच होते. आज एक जास्तच आहे. पगार अजूनही पक्षाच्या तिजोरीत जातो.